दापोलीच्या किनाऱ्यावर घर घेतले : चार पावसाळ्यांनंतरचे परीक्षण

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, समुद्रापासून सरळ रेषेत सात-आठशे मीटर अंतरावर असलेल्या एका गृहप्रकल्पात आम्ही डिसेंबर 2020 मध्ये एका शयनगृहाची सदनिका नोंदवली, मे 2022 मध्ये तिचा ताबा घेतला आणि तेव्हापासून वर्षातले निदान सात महिने मी आणि माझे पती तेथेच राहतो. आम्ही मूळचे सातारकडचे आणि नोकरीनिमित्त पुण्यात स्थिरावलेले, म्हणजे कोकणी माणसाच्या भाषेत घाटावरचे. त्यामुळे समुद्रकाठच्या घराविषयी आम्हाला जे काही कळले ते घर घेतल्यानंतरच कळले. विकासकाशी काही दुरुस्त्यांबाबत आमच्या गृहनिर्माण संस्थेची बोलणी अद्याप सुरू असल्याने त्याचे आणि प्रकल्पाचे नाव येथे देत नाही. मात्र याच धर्तीचे प्रकल्प दिवेआगरपासून गुहागरपर्यंत जागोजागी उभे राहत आहेत, आणि निवृत्तीचे पैसे त्यांत घालण्याच्या विचारात असलेली अनेक माणसे मला दर महिन्याला भेटतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम निर्णय सांगते. बांधकामाचा सांगाडा चांगला आहे, त्यावरचे काम निष्काळजीपणाचे आहे, पाण्याची व्यवस्था अपुरी आहे, पर्यटकांना सदनिका भाड्याने देऊन उत्पन्न मिळवून देण्याची जी सेवा विकासकाने जाहीर केली होती ती घेण्याजोगी नाही, आणि गाव मात्र आमच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगले निघाले. आज पुन्हा निवड करायची झाली तर आम्ही हेच गाव निवडू, परंतु इमारत याच जागी असलेली घेणार नाही.

जागेचा मुद्दा आधी स्पष्ट करायला हवा, कारण पुढच्या जवळजवळ सर्व अडचणींचे मूळ तेथेच आहे. आमच्या दोन्ही इमारती सड्यावर आहेत. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे सपाट, उघडे पठार. त्यावर मातीचा थर वीतभरही नसतो, करवंदीच्या जाळ्या आणि गवत एवढेच उगवते, आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात रानफुलांचा जो गालिचा पसरतो तो डोळ्यांचे पारणे फेडतो. सड्याच्या टोकावरून समुद्र अखंड दिसतो, विकासकाने जमीन घेतली ती त्यासाठीच, आणि खरे सांगायचे तर आम्हीही भुललो त्यालाच. गावाची जुनी वस्ती मात्र सड्यावर कोठेच नाही. ती खाली, डोंगराच्या पायथ्याशी आणि नारळी-पोफळीच्या बागांच्या आड बसलेली आहे. घरांतून समुद्र दिसत नाही, नुसती गाज ऐकू येते. मुरुड, आंजर्ले, केळशी अशी या तालुक्यातील कोणतीही जुनी गावे पाहिली तरी मांडणी साधारण हीच दिसते : समुद्र, त्याच्यामागे सुरूची किंवा केवड्याची रांग, मग बागा, बागांमध्ये घरे, घरांमागे डोंगर आणि डोंगरावर सडा. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या माणसांनी समुद्राकडे तोंड करून उंचावर घर का बांधले नाही, हा प्रश्न आम्ही नोंदणीची रक्कम देण्यापूर्वी एखाद्या वयस्क गावकऱ्याला विचारला असता, तर त्याने दोन वाक्यांत उत्तर दिले असते. सड्यावर वारा अडत नाही आणि पाणी लागत नाही.

वाऱ्याचे म्हणाल तर आमची सदनिका पश्चिमाभिमुख आहे आणि दिवाणखान्याला समुद्राच्या बाजूने जमिनीपासून छतापर्यंत सरकत्या काचांचे दार आहे. नमुना सदनिकेत डिसेंबरच्या संध्याकाळी त्या दाराजवळ उभे राहिल्यावर मन हरखून जाते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नैऋत्येचा वारा सुरू झाला की तेच दार घराचा सर्वांत दुबळा भाग ठरते. पाऊस येथे वरून पडत नाही, समोरून येतो. पहिल्या पावसाळ्यात सरकत्या दाराच्या पन्हळीतून पाणी आत आले, दिवाणखान्याच्या फरशीवर दोन बोटे साचले आणि पलंगाच्या प्लायवूडच्या बाजू फुगल्या. पन्हळीला बाहेरच्या अंगाने पाणी जाण्यासाठी पुरेशी छिद्रेच ठेवलेली नव्हती. खालच्या वाडीतील जुन्या घरांची पश्चिमेची बाजू पाहिली तर तेथे खिडक्या लहान असतात, छपराची वळचण माणसाच्या खांद्यापर्यंत खाली आणलेली असते, आणि अनेक घरांत अजूनही पावसाळ्यापूर्वी त्या बाजूला नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधतात. आम्ही शेवटी गावातल्याच सुताराकडून दारावर चार फूट पुढे येणारे छप्पर करून घेतले. त्याचा खर्च आम्हाला सोसावा लागला, कारण इमारतीच्या दर्शनी भागात बदल होतो म्हणून विकासकाने आधी हरकतच घेतली होती.

आता बांधकाम. समुद्राच्या हवेतील क्षार सिमेंट काँक्रीटमध्ये हळूहळू शिरतात, आतील लोखंडी सळ्यांपर्यंत पोहोचतात, सळ्या गंजून फुगतात आणि त्यांच्यावरील काँक्रीट सुटून पडू लागते. किनाऱ्यालगतच्या वीस-पंचवीस वर्षांच्या अनेक इमारतींच्या सज्जांखाली उघड्या पडलेल्या सळ्या दिसतात त्या यामुळेच. काँक्रीटच्या कामाचे भारतीय मानक, म्हणजे आयएस 456 : 2000, किनाऱ्यावरील उघड्या काँक्रीटची गणना तीव्र परिस्थितीत करते आणि अशा ठिकाणी किमान एम 30 दर्जाचे काँक्रीट व सळ्यांवर किमान 45 मिलीमीटरचे आवरण सांगते. पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला फरशी कोणत्या कंपनीची आणि नळ कोणते हे विचारायची सवय असते. किनाऱ्यावर घर घेताना काँक्रीटचा दर्जा, आवरणाची जाडी, वाळू कोठून आणली आणि काँक्रीटवर मारलेले पाणी गोडे होते की मचूळ, हे चार प्रश्न त्याहून महत्त्वाचे आहेत. खाडीतील रेती न धुता वापरली तर क्षार बाहेरून येण्याची वाटही पाहावी लागत नाही, ते पहिल्या दिवसापासून भिंतीच्या आतच असतात. आमच्या विकासकाने काँक्रीटच्या नमुना ठोकळ्यांच्या चाचण्यांचे अहवाल मागताच दाखवले, ते एका ओळखीच्या स्थापत्य अभियंत्याने तपासले, आणि चार वर्षांत स्तंभ, तुळया किंवा सज्जे यांना एकही तडा गेलेला नाही. याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

सांगाड्यावरचे काम मात्र असे नाही. सज्जाचे कठडे साध्या लोखंडाचे होते आणि रंगाच्या एका हातावर सोडले होते. पहिला पावसाळा संपता संपता त्यांतून तांबडे पाणी भिंतीवर ओघळू लागले. नंतर आम्ही स्टेनलेस स्टीलचे कठडे बसवले, पण तेथेही आधी 304 दर्जाचे घेतले आणि त्यावर वर्षभरात चहासारखे डाग पडले. समुद्राजवळ 316 दर्जाचेच घ्यावे, असे मी आता प्रत्येकाला सांगते. ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना लोखंडी स्क्रू मारलेले होते, ते गंजून तुटले. वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग तीन वर्षांत निकामी झाला. दर्शनी भिंती जांभ्या दगडाच्या दिसतात, प्रत्यक्षात त्या सिमेंटच्या ठोकळ्यांच्या असून वर जांभ्याच्या पातळ चकत्या चिकटवल्या आहेत, आणि चकती व भिंत यांच्या मधल्या पोकळीत शिरलेले पाणी ऑक्टोबरपर्यंत वाळत नाही. आमच्या शयनगृहाच्या कोपऱ्यात दर श्रावणात बुरशीचा काळा पट्टा उमटतो तो त्यामुळेच.

या दुरुस्त्यांसाठी रेरा कायद्याचा, म्हणजे घर घेणाऱ्यांचे हित जपणाऱ्या 2016 च्या स्थावर संपदा कायद्याचा, उपयोग होतो आणि तो अनेकांना ठाऊक नसतो. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या सांगाड्यात, कारागिरीत किंवा दर्जात दोष आढळला आणि तो विकासकाच्या निदर्शनास आणून दिला, तर त्याने तीस दिवसांच्या आत विनामूल्य दुरुस्ती करून द्यावी, अशी त्या कायद्याच्या कलम 14 मध्ये तरतूद आहे. आम्ही पहिली दोन वर्षे तोंडी सांगत राहिलो आणि ऐकून घेतले जात राहिले. तिसऱ्या वर्षी छायाचित्रे, तारखा आणि या कलमाचा उल्लेख असलेले लेखी पत्र संस्थेच्या वतीने गेले, तेव्हा महिन्याभरात कामगार आले. गच्चीवरील पत्र्याचे छप्पर आणि पूर्वेकडील भिंतीची गळती दुरुस्त झाली. दर्शनी चकत्यांचा प्रश्न अजून सुटायचा आहे.

पत्र्याच्या छपराविषयी एक गोष्ट नोंदवते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा दापोली आणि मंडणगड तालुक्यांचा किनारी भागही त्याच्या तडाख्यात सापडला. केळशी, आडे, पाडले, आंजर्ले, हर्णै या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे आणि कौले उडाली, अनेक वाड्यांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. आम्ही नोंदणी केली ती त्यानंतर सहा महिन्यांनी, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मुळासकट उलथलेले माड तेव्हाही पडून होते. त्या वेळी आमच्या मनात सहानुभूती होती, पण आपल्यालाही यातून काही विचारायचे आहे हे सुचले नाही. पत्रा कशाने धरला आहे, पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांत अंतर किती आहे, छपराच्या कडा भिंतीला बांधलेल्या आहेत की नुसत्या टेकवलेल्या आहेत, हे गावातील प्रत्येक माणूस आता पाहून घेतो. पोफळीची नवी बाग धरायला सहा-सात वर्षे लागतात. खालच्या वाडीत त्या वादळानंतर लावलेल्या झाडांना आता कोठे पहिली सुपारी दिसू लागली आहे.

पाण्याचा प्रश्न मी सर्वांत गंभीर मानते. या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि मार्च उजाडला की सड्यावर टँकर चढू लागतो. जांभा दगड सच्छिद्र असतो. पाऊस त्यातून झिरपून खाली निघून जातो आणि डोंगराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या, विहिरींच्या रूपाने प्रकटतो. म्हणजे पाणी पडते वर आणि लागते खाली, जेथे जुनी वस्ती आहे तेथे. आमच्या प्रकल्पाच्या माहितीपत्रकात ‘चोवीस तास पाणी’ असे छापलेले होते आणि ते दोन कूपनलिकांच्या भरवशावर होते. त्यांपैकी एक होळीच्या सुमारास आटते, दुसरी एप्रिलअखेर मचूळ होते. मे महिन्यात, म्हणजे नेमकी सर्व सदनिकांतील मुले-नातवंडे सुटीला येतात तेव्हा, दिवसाला एक टँकर घ्यावा लागतो आणि त्याचा खर्च चोवीस घरांत वाटला जातो.

येथे साध्या हिशेबाने बरेच काही स्पष्ट होते. शंभर चौरस मीटर छपरावर तीन हजार मिलीमीटर पाऊस पडला तर तीन लाख लीटर पाणी मिळते. आमच्या दोन्ही इमारतींचे मिळून छप्पर याच्या सहापट आहे. त्यातले निम्मे जरी साठवता आले असते तरी उन्हाळ्याची चिंता उरली नसती. परंतु साठवायला टाकी लागते आणि टाकी ही विकत घेणाऱ्याला दिसणारी वस्तू नाही. पोहण्याचा तलाव दिसतो. आमच्याकडे पोहण्याचा तलाव बांधला गेला आणि पावसाचे पाणी साठवण्याच्या नावाखाली छपराचे दोन नळ एका शोषखड्ड्यात सोडले गेले. तो तलाव आम्ही 2024 च्या उन्हाळ्यापासून रिकामा ठेवला आहे, आणि त्यावर स्लॅब टाकून तीच पावसाच्या पाण्याची टाकी करावी असा ठराव संस्थेच्या सभेत बहुमताने संमत झाला आहे. जे सभासद वर्षातून चार दिवस येतात त्यांचा विरोध होता. येथे राहणाऱ्या सर्व सात कुटुंबांनी बाजूने मत दिले.

कागदपत्रांविषयी थोडक्यात लिहिते, कारण आमच्या बाबतीत ते काम वकिलांनी नेटके केले. कोकणात जमिनीचा सातबारा वाचणे हे घाटावरच्यापेक्षा अवघड काम आहे. खोती, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोतांची वंशपरंपरागत पद्धत, 1949 च्या कायद्याने संपली, कुळांची नावे लागली, पिढ्या वाढल्या, वारस मुंबईला गेले, आणि आज एकेका लहान तुकड्यावर वीस-वीस, तीस-तीस नावे सामाईकात आढळतात. त्यांतील एकाची सही राहिली तरी पुढे वाद उभा राहतो. जमीन विनापरवानगी विकता येणारी भोगवटादार वर्ग 1 ची आहे की परवानगी लागणारी वर्ग 2 ची, ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकू न देणाऱ्या कुळकायद्याच्या कलम 43 च्या बंधनाचा शेरा आहे का, वनविभागाची काही नोंद आहे का, जुने फेरफार एकमेकांशी जुळतात का, हे तपासल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये. आमच्या प्रकल्पाची जमीन निर्वेध आणि बिनशेती झालेली होती. वकिलांना खटकले ते वेगळेच : मुख्य रस्त्यापासून प्रकल्पापर्यंत येणारा दोनशे मीटरचा रस्ता दुसऱ्याच गट क्रमांकातून जात होता, त्या गटाला अकरा सहहिस्सेदार होते आणि विकासकाकडे त्यांची केवळ तोंडी संमती होती. रस्त्याच्या हक्काचा दस्त नोंदवून झाल्याशिवाय करारनामा करायचा नाही, या त्यांच्या आग्रहामुळे आमचे काम दोन महिने लांबले. विकासकाचा विक्री प्रतिनिधी रोज फोन करून दर वाढणार असल्याचे सांगत होता, तरी आम्ही थांबलो. पुढे त्याच मार्गावर दुसऱ्या एका वसाहतीचा रस्ता जमीनमालकांनी काटेरी कुंपण घालून बंद केला, तेव्हा त्या दोन महिन्यांची किंमत आम्हाला कळली.

किनाऱ्याच्या बाबतीत आणखी एक तपासणी अटळ आहे. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सीआरझेडच्या, नियमांनुसार उच्चतम भरती रेषेपासून ठरावीक अंतरापर्यंत बांधकामावर बंधने असतात. विरळ लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर पहिले 200 मीटर हे ना-विकास क्षेत्र असते आणि समुद्रकिनाऱ्यालगत जमिनीच्या बाजूला एकूण 500 मीटरपर्यंत नियमन चालते. खाडीकाठालाही वेगळे नियम आहेत, आणि कांदळवन असेल तर तेथे बांधकामाचा विचारही करू नये. ‘थेट वाळूवर उतरणारे घर’ अशी जाहिरात दिसली तर मंजूर नकाशावर भरती रेषा कोठे आखली आहे ते दाखवायला सांगावे. महारेराच्या, म्हणजे रेरा कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी, पूर्ण करण्याची कबूल केलेली तारीख, जमिनीवरील बोजे आणि चालू दावे पाहता येतात. नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास कायद्याने मनाई आहे. आमच्याकडे वीस टक्के मागितले गेले होते, कलमाचा उल्लेख करताच मागणी दहावर आली. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या लहान प्रकल्पांना ही नोंदणी बंधनकारक नाही, आणि किनारपट्टीवर अशी लहान कामे पुष्कळ चालतात, तेव्हा तेथे दुप्पट सावधगिरी हवी.

भाड्याच्या योजनेवर अधिक शब्द खर्च करावेत असे वाटत नाही. आपण नसताना सदनिका पर्यटकांना देऊ, स्वच्छता ठेवू आणि उत्पन्नाचा वाटा तुम्हाला देऊ, असे सांगण्यात आले होते. पहिल्या वर्षी हातात पडलेली रक्कम विजेच्या बिलालाही पुरली नाही, गाद्या बदलाव्या लागल्या, आणि शनिवार-रविवारी रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या ध्वनिक्षेपकांमुळे खालच्या वाडीतील लोकांची नाराजी आम्हा कायमच्या रहिवाशांना सोसावी लागली. आम्ही करार संपवला आणि आणखी पंधरा घरांनी तेच केले.

गावाविषयी मात्र विस्ताराने लिहायलाच हवे, कारण घर घेताना आम्ही ज्याचा सर्वांत कमी विचार केला होता ते हेच.

पहिले वर्षभर आम्ही सड्यावर राहत होतो आणि गाव खाली राहत होते. भाजी, दूध, किराणा यांच्या निमित्ताने ओळखी होत होत्या, हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावाला जाऊन आम्ही सुरमई आणि बांगडा यांतला फरक शिकत होतो, परंतु कोणी आमच्याकडे येत नव्हते आणि आम्हाला कोणी बोलावत नव्हते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खालच्या वाडीतील सात-आठ बायका एका सकाळी वर आल्या. त्यांच्या विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला होता, आणि आमच्या इमारतींचे सांडपाणी जांभ्यातून झिरपून तेथे पोहोचत असावे असा त्यांचा संशय होता. त्या भांडायला आलेल्या नव्हत्या. ‘ताई, तुम्ही एकदा खाली येऊन बघा,’ एवढेच त्यांतील एक वयस्क बाई म्हणाल्या. मी गेले. विहीर जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेली, पायऱ्यांची, शंभराहून अधिक वर्षे जुनी होती, आणि जेथून तिचा झरा येतो त्या दिशेला नेमकी आमची मैल्याची टाकी होती. पाण्याचा नमुना तपासणीला पाठवला, अहवालात ते पिण्यास अयोग्य ठरले. टाकीच्या तळाला गिलावाच नव्हता.

विकासकाने हात वर केले. संस्थेच्या सभेत काहींचे म्हणणे होते की दोष त्याचा आहे तर खर्चही त्यानेच करावा, तोवर आपण काही करू नये. त्या म्हणण्यात कायद्याच्या दृष्टीने चूक नव्हती. पण विहीर त्यांची होती आणि मैला आमचा होता, आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत ती कुटुंबे काय पिणार होती? अखेर प्रत्येक सदनिकेमागे अठरा हजार रुपये काढून आम्ही ती टाकी बंद केली, पाणी न झिरपणारी नवी टाकी दुसऱ्या उताराला बांधली, आणि वाडीतील तरुणांनी आमच्या बरोबरीने उन्हाळ्यात विहिरीचा उपसा केला. विकासकाकडून ती रक्कम वसूल करण्याचा प्रयत्न चालू आहे. या घटनेनंतर मी घर पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते की सांडपाणी कोठे जाते हे विकासकाला विचाराच, आणि उताराच्या खाली जे राहतात त्यांनाही विचारा.

त्यानंतरचे गाव वेगळे आहे. पुण्याहून ताम्हिणीमार्गे पाच-सहा तासांचा प्रवास करून रात्री पोहोचलो तर कोणाच्या तरी घरून भात आणि माशाचे सार आलेले असते. मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या साठवणीची, तयारी सुरू झाली की सुके बोंबील, सुकट, आमसुले, कुळथाचे पीठ, लाकूडफाटा यांची बेगमी किती करायची हे मला आता शेजारणी सांगतात, कारण जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, बाजारात ताजी मासळी नसते आणि वीज दोन-दोन दिवस नसते. माझ्या पतींना गेल्या वर्षी रात्री छातीत दुखू लागले, तेव्हा गावातील एका मुलाने स्वतःची गाडी काढून आम्हाला दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात पोहोचवले आणि सकाळपर्यंत तो तेथे बसून होता. दुखणे पित्ताचे निघाले. तरीही हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांनी हा विचार गांभीर्याने करावा. मोठ्या उपचारांसाठी चिपळूणजवळचे डेरवण किंवा थेट पुणे-मुंबई गाठावी लागते आणि पावसाळ्यात दरडी कोसळून घाट बंद होतात.

गावकीचे नियम आहेत आणि ते पाळावे लागतात. गणपतीत चाकरमानी मुंबईहून येतात तेव्हा गावातील रस्त्यांवर गाड्या लावू नयेत, देवळाच्या सभेत आपणहून बोलू नये, शिमग्यात पालखी फिरत असताना मांसाहार आणि मद्य प्रकल्पाच्या आवारात नसावे, हे सारे आम्ही हळूहळू शिकलो. ग्रामपंचायतीची घरपट्टी आणि पाणीपट्टी वेळेवर भरणारा, ग्रामसभेला येऊन बसणारा आणि वाडीच्या कामाला माणसागणिक वर्गणी देणारा बाहेरचा माणूस गावाला चालतो. कुंपण घालून, पहारेकरी नेमून आत बसणारा चालत नाही, आणि त्याला संकटात कोणी हाक देत नाही.

2025 च्या शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी प्रथमच सड्यावर आली. पालखी कोणाच्या दारी जायची हे मानकरी ठरवतात, त्यात विनंती चालत नाही. वाहनतळाच्या जागेत सडासंमार्जन केले, रांगोळी काढली, सातही घरांतील बायकांनी देवीची ओटी भरली, आणि गुरवांनी घातलेल्या गाऱ्हाण्यात वाडीतील कुटुंबांच्या नावांपाठोपाठ आमच्या इमारतींचा उल्लेख आला.

ज्यांना वर्षातून आठ-दहा दिवस समुद्र पाहायचा आहे त्यांनी येथे घर घेऊ नये. तेवढ्यासाठी गावातील घरगुती निवास उत्तम आहेत आणि त्यातून स्थानिकांना उत्पन्नही मिळते. बंद घर या हवेत माणसापेक्षा लवकर म्हातारे होते. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांनीही थांबावे, कारण आमच्या आवारात गेल्या दोन वर्षांत विक्रीला काढलेल्या चार सदनिकांपैकी एकच विकली गेली, तीही मूळ किमतीला. जे निवृत्तीनंतर खरोखर राहणार आहेत, ज्यांना चार महिने चिंब हवा आणि अधूनमधून अंधार सहन होतो आणि ज्यांना शेजार हवा आहे, त्यांनी अवश्य यावे, परंतु सड्याऐवजी खालच्या वाडीलगत, विहिरीचा हक्क असलेले, उतरत्या छपराचे लहानसे घर शोधावे. जागा निदान दोनदा पाहावी : एकदा मे महिन्याच्या अखेरीस आणि एकदा जुलैच्या मध्यात. विकासक आपल्याला डिसेंबरात बोलावतो.

आमच्या शेजारची सदनिका सध्या विकायची आहे आणि तिच्या मालकांनी किल्ली माझ्याकडे ठेवली आहे. पाहायला येणाऱ्यांना मी आधी चहा देते, मग पाखाडीच्या पायऱ्या उतरून खालच्या विहिरीवर घेऊन जाते, आणि वर आल्यावर सज्जाचे दार उघडते.